चालक अधिक एक

विमानतळाबाहेरच्या गाडीस्टँडवर तिला सगळे थर्मासबाई म्हणतात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पोलादी थर्मास, आणि थर्मासचं झाकण एका अंगाला चेपलेलं. ते कसं चेपलं याच्या स्टँडवर चार गोष्टी आहेत आणि चारही थापा आहेत. खरी गोष्ट इतकीच, की तिच्या नवऱ्यानं व्हॅन मागं घेताना त्यावर चाक घातलं. नवरा ड्रायव्हर आहे. तो गाडी चालवतो, ती पुढच्या सीटवर बसते, आणि मागच्या सीटांवर जगभरचे उतारू.

अर्धा आशिया इथं विमान बदलतो. एकातून उतरायचं, पाच-सात तास काढायचे, दुसऱ्यात चढायचं. या पाच-सात तासांसाठी एका ट्रॅव्हल ऑफिसनं फेरी काढली. गाडीत बसा, शहर बघा, चार घास खा, वेळेत परत या. ऑफिसच्या कागदावर या फेरीचं नाव हातभर लांब आहे. स्टँडवर मात्र तिला 'मधली वेळ' म्हणतात. "आज तुमच्याकडं मधली वेळ आहे का?" असं एक ड्रायव्हर दुसऱ्याला विचारतो. थर्मासबाईला हे नाव फार आवडतं. मधल्या वेळी माणसाला काय लागतं? काहीतरी तोंडात टाकायला लागतं. बाकीचं सगळं नंतर.

ऑफिस रोज सकाळी फेरीचा कागद काढतं. त्यावर गाडीचा नंबर, उतारूंची नावं, कुणाचं विमान किती वाजता, आणि सगळ्यात खाली 'चालक अधिक एक'. तो 'अधिक एक' म्हणजे ती. चौदा वर्षं ती कागदावर अशीच आहे. कधी कुणी नाव विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

त्याच्या आधी अकरा वर्षं ती विमानतळाच्या आत फरशी पुसत होती. विमान बदलणारी माणसं जिथं ताटकळत बसतात, त्या मोठ्या हॉलमध्ये. फरशी पुसणाऱ्याकडं कुणी बघत नाही, त्यामुळं त्याला सगळं दिसतं. भर दुपारी घोरणारे बापे दिसतात. सकाळी सकाळी आईस्क्रीमसाठी लोळण घेणारं पोर दिसतं. एकदा एक बाई भरल्या ताटासमोर बसून मुसमुसत होती. हिला वाटलं, कुणी गेलंबिलं असेल बिचारीचं. फडकं बाजूला ठेवून जवळ गेली.

"काय झालं हो ताई?"

"काही नाही," ती बाई म्हणाली. "मला सगळे सांगतायत, जेव, जेव. पण माझ्या गावात आत्ता पहाटेचे तीन वाजलेत. पहाटे तीनला कुणी मटण खातं का?"

थर्मासबाईनं ताट उचललं आणि तिला कपभर गरम पाणी आणून दिलं. बाई ते प्यायली आणि बसल्या जागी झोपली. त्या दिवशी फरशी पुसणारीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मनगटावरचं घड्याळ फिरवता येतं, पोटातलं येत नाही. ते दोन-तीन दिवस आपल्या गावाच्याच वेळेनं चालतं.

पुढं नवऱ्याच्या गाडीत ती अधिक एक म्हणून बसायला लागली, तेव्हा तिनं एकच प्रश्न धरून ठेवला. "तुमच्या पोटात किती वाजले?" हा प्रश्न तिला अकरा भाषांत येतो. बाकी त्या भाषांत तिला फारसं काही येत नाही. व्याकरणाचं विचारूच नका. थोडं त्यांचं, थोडं आपलं, उरलेलं हातवाऱ्यांचं, असं तिचं बोलणं चालतं आणि चांगलं चालतं. उत्तर ऐकून ती ठरवते, आज कुठं न्यायचं. ज्याच्या पोटात पहाट, त्याला चहा आणि काहीतरी साधंसं. ज्याच्या पोटात भर दुपार, त्याला दणकून जेवण. ज्याच्या पोटात मध्यरात्र, त्याला काहीच नाही, नुसतं थर्मासमधलं गरम पाणी आणि बागेतल्या झाडाखालचा बाक. चौदा वर्षांत तिच्या गाडीतल्या कुणाला मळमळलं नाही, कुणाला चक्कर आली नाही, कुणाचं विमान चुकलं नाही. ती हे कुणाला सांगत फिरत नाही. पण कुणी विचारलं की पदर खोचून, उभी राहून सांगते.

आणि मग नियम आला.

पर्यटन खात्याचं पत्रक स्टँडच्या खांबावर चिकटलं. पुढच्या एक तारखेपासून उतारूंबरोबर गाडीत बसणाऱ्याकडं मार्गदर्शकाचा बिल्ला हवा. बिल्ला हवा तर परीक्षा हवी. परीक्षा खऱ्या फेरीवर, खऱ्या उतारूंसमोर. परीक्षक मागच्या सीटवर बसणार. बिल्ला नसेल तर गाडीत फक्त चालक. अधिक एक बंद.

"म्हणजे मी घरी बसू?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"बस की चार दिवस," तो सहज बोलून गेला, आणि तिचा चेहरा बघून जीभ चावली. "तसं नाही गं म्हणालो मी."

"तुम्हाला उतारूशी 'पाणी देऊ का' एवढं तरी बोलता येतं का? चौदा वर्षांत तुम्ही आरशातून नुसती मान हलवलीय."

हे खरं होतं. त्यानं आत्ताही नुसती मान हलवली.

लेक शाळेत शिकवते. तिनं आईचा अभ्यास मनावर घेतला. स्वयंपाकघरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. तांदळाच्या डब्यावर घंटाघर, मिठाच्या बरणीवर जुना दरवाजा, फ्रीजवर राजबाग, कपाटावर टेकडी, भांडी घासायच्या मोरीवर संग्रहालय. प्रत्येक चिठ्ठीवर सालं, उंच्या, बांधणाऱ्यांची नावं. महिनाभर भांडी घासून घासून संग्रहालय तोंडपाठ झालं. घंटाघरही झालं, कारण भात रोजच होतो. जुना दरवाजा मात्र मिठाइतकाच चिमूटभर डोक्यात शिरला.

परीक्षेच्या सकाळी लेकीनं आईचा हात हातात घेतला. "आई, एवढं एक ऐक. आज कुणाच्या पोटाची चौकशी करू नकोस. शंभरात खाण्याला दहा मार्क आहेत. दहा!"

"आणि इतिहासाला?"

"चाळीस."

"उपाशीपोटी चाळीस मार्कांचा इतिहास कोण ऐकेल गं?"

"आई!"

"बरं बाई. नाही विचारत. शप्पथ."

स्टँडवर पोचले तर फटाफट बाकावर तोंड पाडून बसलेला. फटाफट म्हणजे शेजारच्या गाडीचा पोरगेलासा मार्गदर्शक. एका फेरीत चौदा स्थळं दाखवतो. उजवीकडं बघा, डावीकडं बघा, फोटो काढा, झालं! गाडी कुठं थांबत नाही, याचाच त्याला डौल. आदल्या दिवशी त्याची परीक्षा झाली होती.

"काय रे, पेढे कुठंयत?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नापास."

"तू? चौदा स्थळंवाला?"

"काही विचारू नका काका. तो माणूस नाही हो. ते नियमांचं पुस्तक आहे, शर्ट घातलेलं."

ड्रायव्हरनं बायकोकडं पाहिलं. ती थर्मासचं झाकण उगाचच पुसत होती.

परीक्षक बरोबर साडेदहाला आले. किरकोळ अंगाचे, गळ्यापर्यंत बटणं लावलेले, हातात पुठ्ठ्याला लावलेला फॉर्म, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ. त्यांनी थर्मासबाईला 'उमेदवार' म्हणायला सुरुवात केली आणि सहा नियम एका दमात वाचून टाकले. "उमेदवारानं मोबाइलवर बोलू नये उमेदवारानं धूम्रपान करू नये स्थळ म्हणजे जिथे उतारू वाहनातून उतरून किमान दहा मिनिटे थांबतील अशी जागा अशी किमान पाच स्थळे आवश्यक उतारू अडीचच्या आत दारात परत न पोचल्यास उमेदवार अनुत्तीर्ण परीक्षकानं परीक्षा संपेपर्यंत काहीही खाऊ वा पिऊ नये पाणी वगळून. समजलं? सुरू करा."

तिला एवढंच समजलं, की पाच आणि अडीच. पाच तर लेकीच्या पाच चिठ्ठ्या. घंटाघर, जुना दरवाजा, राजबाग, टेकडी, संग्रहालय.

उतारू चार होते. एक म्हातारं जोडपं, दूर पश्चिमेकडून आलेलं, पूर्वेकडं लेकाच्या घरी निघालेलं. एक पंप विकणारा गृहस्थ, पूर्वेकडून आलेला, दोन फोन आणि एक घाम पुसायचा रुमाल. आणि एक जाड चष्म्याची मुलगी, अठरा-एकोणीसची, शिकायला परदेशी निघालेली. तिनं पोटाशी एक पिशवी अशी धरली होती, जणू कुणी हिसकावून घेईल.

घंटाघरासमोर गाडी थांबली. सगळे उतरले. थर्मासबाईनं घसा साफ केला आणि तांदळाचा डबा डोळ्यासमोर आणला. उंची सांगितली. साल सांगितलं. घंटेचं वजन, बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव, घड्याळ कुठल्या बोटीतून आलं, पहिल्यांदा बंद पडलं ते कधी, सगळं एका लयीत, कुठं अडखळली नाही. लेकीनं ऐकलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. परीक्षक भराभर लिहीत होते.

फक्त उतारूंचं घोडं पेंड खात होतं. म्हातारबुवा उभ्याउभ्या, डोळे उघडे ठेवून झोपले होते. पंपवाला फोनवर कुणाला तरी झापत होता, आणि झापता झापता समोरच्या हातगाडीवरच्या केळ्यांकडं बघत होता. आजी फार सभ्य. त्या म्हणाल्या, "बाई, छान सांगता हो तुम्ही. पण इथं टेकायला कुठं मिळेल का?" आणि चष्मेवाली मुलगी हळूच घंटाघराच्या पायरीवर बसली. तिचा चेहरा कागदासारखा पांढराफटक.

थर्मासबाई थांबली. घंटाघराबद्दल अजून दोन वाक्यं उरली होती. ती तिनं गिळली.

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्याला बायकोची ती उभं राहायची पद्धत ठाऊक होती. एक हात कमरेवर, दुसरा थर्मासवर.

"तुमच्या पोटात किती वाजले?" तिनं विचारलं. आधी आजोबांच्या भाषेत, मग पंपवाल्याच्या, मग मुलीच्या.

"उमेदवार," परीक्षक म्हणाले, "हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही."

"नसू द्या साहेब. माझ्यात आहे."

आजोबा जागे झाले. "पोटात? पहाटेचे पावणेसहा." आणि स्वतःच हसले. "म्हणून होय! मी म्हटलं, हे डोळे का मिटतायत."

"आणि तुमच्या?"

पंपवाल्यानं फोन कानापासून लांब केला. "सव्वादोन वाजून गेले. रोज बाराला जेवतो मी. कावळे कसले ओरडतायत बाई, आख्खी शाळा सुटलीय पोटात."

"आणि तुझ्या गं, बाळ?"

मुलगी म्हणाली, "ठाऊक नाही."

थर्मासबाईनं मुलीला चेपक्या झाकणातून गरम पाणी पाजलं, गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "भट्टीच्या गल्लीत घ्या."

"अगं, जुना दरवाजा..." तो कुजबुजला.

"दरवाजा कुठं पळत नाही. आजोबांची पहाट पळेल."

भट्टीची गल्ली इतकी अरुंद, की व्हॅनचे आरसे मिटावे लागतात. भट्टीवाला पाव काढत होता. तिला बघून तो ओरडलाच. "अगं, आज परीक्षा ना तुझी? इकडं काय काम?"

"या दोघांच्या पोटात पहाट आहे."

"मग बसा, बसा!" त्यानं बाकावरचं पिठाचं पोतं ढकललं. "पहाट म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारा? माझा तर सगळा जन्म पहाटेत गेला."

आजी-आजोबांपुढं चहा आला, वाफाळता पाव आला, त्यावर लोणी. दोघं खाली मान घालून खात राहिले. अर्धा पाव झाल्यावर आजोबांनी मान वर केली, आणि झोपाळू म्हाताऱ्याच्या जागी एकदम दुसराच माणूस बसलेला दिसला. चौकस, बडबड्या. "ही भट्टी किती जुनी हो?"

थर्मासबाई भट्टीच्या अंगाला हात टेकून म्हणाली, "भट्टी याच्या आज्याची. पण विटा फार जुन्या. गावाचा जुना दरवाजा आहे ना, त्याची एक बाजू भूकंपात पडली. तेव्हा लोकांनी विटा घरी नेल्या. कुणी चूल केली, कुणी पायरी. याच्या आज्यानं भट्टी केली. दरवाजा बघायला जाल तर लांबून बघाल. इथं हात लावून बघा, गरम आहे."

आजोबांनी हात लावला. आजींनी लावला. परीक्षकांनी आपल्या पुस्तकात पान उलटलं, पुढं-मागं शोधलं. भट्टीचं नाव पुस्तकात कुठं नव्हतं. त्यांनी पुस्तक काखेत धरलं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनीही एक बोट विटेला लावलं. भट्टीवाल्याचं लक्ष होतं.

"साहेब, पाव?"

"परीक्षकाला चालत नाही."

"बघायला चालतो का?" भट्टीवाल्यानं विचारलं आणि पाव त्यांच्या नाकासमोरून सावकाश पुढं नेला.

तिथून मासळीबाजार. बाजाराच्या माळ्यावर तीन जावांची खानावळ आहे. खाली मासळी निवडायची, वर त्या करून देतात. तिघी एकमेकींशी अखंड भांडतात आणि भांडता भांडता अचूक मीठ घालतात. पंपवाल्यानं हाताएवढा मासा निवडला, वाफवून घेतला, भाताच्या ढिगाबरोबर संपवला, आणि काटा इतका स्वच्छ केला की थोरली जाऊ म्हणाली, "हा काटा धुवायलासुद्धा नको गं." त्याचे दोन्ही फोन टेबलावर तीनदा थरथरले. त्यानं ते उलटे करून ठेवले. खिडकीतून नदी दिसत होती आणि नदीवरचा पूल. तो पूल बांधताना कामगारांना याच माळ्यावरून जेवणाच्या टोपल्या जायच्या, दोरीनं, नदीवरून, एका काठावरून दुसऱ्या काठावर, हे थर्मासबाईनं सांगितलं तेव्हा पंपवाला खिडकीतून अर्धा बाहेर झुकला. "दोरी कुठं बांधायचे? तो खांब? अजून आहे?" आता त्याला सगळं बघायचं होतं.

मुलीनं मात्र भट्टीवर दिलेला पाव पिशवीत ठेवला होता, आणि इथं भाताला हात लावला नव्हता.

"पूल चालत ओलांडू," थर्मासबाई म्हणाली. "अंगी लागायला हवं. गाडी पलीकडं येईल."

पुलाच्या मध्यावर तिनं मुलीला गाठलं. दोघी कठड्याशी उभ्या राहिल्या. परीक्षक चार पावलांवर, घड्याळ हातात.

"शेवटचं कधी जेवलीस?"

नदीकडं बघत मुलगी म्हणाली, "माझ्या पोटात अजून काल संध्याकाळच आहे. आईनं ताट वाढलं होतं. भात होता, रस्सा होता. तेवढ्यात गाडी आली. मी म्हटलं, राहू दे, विमानात देतात. आई ताट घेऊन फाटकापर्यंत आली." चष्मा काढून तिनं तो उगाच पुसला. "विमानात दिलं. पण घशाखाली उतरेना."

थर्मासबाईच्या हातून हजारो पोटं गेली होती. पहाटेची, दुपारची, मध्यरात्रीची. पण कालच्या संध्याकाळचं पोट तिला पहिल्यांदाच भेटत होतं. कालच्या संध्याकाळचं जेवण या शहरात कुणाच्या खानावळीत मिळत नाही. ते कुणाच्या तरी घरीच मिळतं.

पलीकडं गाडी उभी होती. तिनं नवऱ्याला नुसतं एवढंच सांगितलं, "घरी घ्या."

ड्रायव्हरनं चावी फिरवली नाही. "अगं, किती झाली मोज की. घंटाघर एक, पूल दोन. राजबाग नाही, टेकडी नाही, संग्रहालय नाही. आणि आता घरी? तिथं काय आहे बघायला? आपला फ्रीज?"

"त्या पोरीचा चेहरा बघा."

"चेहरा बघितला. तुझ्या बिल्ल्याचं काय?"

बिल्ला तिला हवा होता. महिनाभर मोरीवरचं संग्रहालय तिनं काही हौसेनं घोकलं नव्हतं. ती म्हणाली, "अहो, बिल्ला घालून मी हेच करणार ना? मग आज वेगळं काय करू?"

ड्रायव्हरनं नेहमीसारखी मान हलवली. पण या वेळी त्यानं गाडी अशी काढली, की फटाफटनंही तोंडात बोट घातलं असतं.

तिसरा मजला, दोन खोल्या. चपलांचा दारात ढीग. आत शिरताच आजी थेट ओट्याशी गेल्या आणि न विचारता कांदा घेऊन बसल्या. संध्याकाळसाठी तांदूळ सकाळीच भिजत घातले होते. थर्मासमधलं पाणी अजून कढत होतं. ते पातेल्यात ओतलं, पाच मिनिटांत भात रटरटायला लागला. सकाळचा रस्सा होता, त्यात आजींचा परतलेला कांदा पडला. पंपवाल्यानं नळाला कान लावून सांगितलं, "तुमच्या पंपाचं बेअरिंग गेलंय, बरं का," आणि ड्रायव्हर चौदा वर्षांत पहिल्यांदा एका उतारूशी बोलला. "मी तेच म्हणतोय वर्षभर, पण सोसायटी ऐकते कुठं!"

परीक्षक स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. तिथून त्यांना तांदळाचा डबा दिसला. त्यावर घंटाघर. मग मिठाची बरणी. फ्रीज. कपाट. मोरी. ते एकेक चिठ्ठी वाचत गेले. मिठाच्या बरणीशी थांबले, खिशातून पेन काढलं, साल खोडून दुसरं लिहिलं.

"अकरा वर्षांची चूक होती," ते म्हणाले.

"लेकीनं लिहिलंय. सांगते तिला. पाणी घेता, साहेब?"

"पाणी नियमात बसतं."

तिनं त्यांना पेला भरून दिला आणि दुसरं काही विचारलं नाही. नियम म्हणजे नियम. मग ताट वाढलं. भात, रस्सा, बाजूला मिठाची चिमूट. मुलीपुढं ठेवलं आणि स्वतः तिच्यासमोर बसली. खा म्हणाली नाही.

मुलीनं पहिला घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण हात थांबला नाही. आजोबा भलतीकडं बघायला लागले. आजी मात्र सरळ बघत म्हणाल्या, "रड गं, रड. रश्श्यात मीठ कमीच होतं." मुलगी रडता रडता फसकन हसली, भाताचं शीत नाकात गेलं, खोकली, पाणी प्यायली, आणि पुन्हा वाढून घेतलं.

"आता किती वाजले पोटात?" थर्मासबाईनं विचारलं.

मुलीनं ताट बोटानं निपटलं. "आता आजच आहे."

दोन वाजून वीस मिनिटांनी गाडी विमानतळाच्या दारात होती. दहा मिनिटं हातची शिल्लक. आजोबांनी थर्मासबाईचे दोन्ही हात धरले आणि भट्टीचा पत्ता आपल्या वहीत लिहून घेतला. पंपवाल्यानं ड्रायव्हरला बेअरिंगचा नंबर लिहून दिला. मुलगी दारापर्यंत गेली, परत आली, पिशवीतून तो सकाळचा पाव काढून दाखवला. "हा विमानात खाईन," म्हणाली, आणि पळाली. पिशवी आता खांद्यावर होती.

मग परीक्षक व्हॅनच्या पायरीवर बसले आणि फॉर्म भरायला लागले. थर्मासबाई समोर उभी. ड्रायव्हर तिच्या मागं. फटाफट लांबून मान उंच करून बघत होता.

"इतिहास. घंटाघराबद्दल पूर्ण गुण. जुन्या दरवाजाचं साल चिठ्ठीवर चुकलं, पण विटा बरोबर. त्या माझ्या पुस्तकात नाहीत, म्हणून गुण देता येत नाहीत." त्यांनी पुस्तकाच्या समासात काहीतरी लिहिलं. "पुढच्या आवृत्तीत असतील."

"आणि स्थळं साहेब?" ड्रायव्हरनं न राहवून विचारलं. "दोनच झाली ना?"

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "नियम वाचला होता मी. स्थळ म्हणजे जिथे उतारू वाहनातून उतरून किमान दहा मिनिटे थांबतील अशी जागा. तिथे देऊळ हवं, किल्ला हवा, असं नियमात कुठंही नाही. काल एका उमेदवारानं चौदा दाखवली. एकाही ठिकाणी उतारूचा पाय जमिनीला लागला नाही. शून्य." लांबवर फटाफटनं मान खाली घातली. परीक्षक गळ्यातलं घड्याळ बघून वाचू लागले. "घंटाघर, वीस मिनिटं. भट्टी, पंचवीस. मासळीबाजार, तीस. पूल, बारा. चार झाली. चारवर नापास." त्यांनी पान उलटलं. "पाचवं, एकतीस मिनिटं. स्थळाचं नाव काय लिहू?"

"आमचं घर हो," ती म्हणाली.

"घर नाव होत नाही. कुणाचं घर?"

ड्रायव्हर तोंड उघडणार होता. ती त्याच्या आधी बोलली. आपलं पूर्ण नाव सांगितलं, माहेरचं-सासरचं सगळं धरून, सावकाश, घंटाघर सांगितलं होतं तसं ठणठणीत. परीक्षकांनी ते रकान्यात लिहिलं. नाव लांब होतं, ओळ पुरली नाही, दुसऱ्या ओळीवर गेलं.

"पाच. उत्तीर्ण." त्यांनी सही केली, टोपण लावलं, घड्याळ बंद केलं आणि पहिल्यांदा पाठ टेकून बसले. "बाई," ते म्हणाले. 'उमेदवार' नाही म्हणाले. "परीक्षा संपली. आता विचारायला हरकत नाही."

"काय विचारू?"

"तेच. पोटाचं."

तिनं विचारलं.

"सकाळचे साडेसात," पुस्तकासारखे परीक्षक म्हणाले. "तेव्हा अर्धा कप चहा घेऊन निघालोय. आणि तुमच्या त्या भट्टीवाल्यानं पाव नाकासमोरून नेला."

तिनं पिशवीत हात घातला. भट्टीवाल्यानं जाताना गुपचूप कोंबलेला पाव तिथं होता, कागदात गुंडाळलेला, आतून अजून मऊ. बाजूला पुडीत लोणी.

पुढच्या एक तारखेला ऑफिसचा कागद आला. ड्रायव्हरनं तो स्टँडवर सगळ्यांना वाचून दाखवला. गाडीचा नंबर, उतारूंची नावं, विमानांच्या वेळा. आणि खाली 'मार्गदर्शक' असं छापून पुढं तिचं अख्खं दोन ओळींचं नाव. दोन ओळी गेल्यानं खाली जागाच उरली नव्हती. कारकुनानं कोपऱ्यात बारीक अक्षरात कोंबलं होतं, 'अधिक एक'.

"हा कोण रे अधिक एक?" कुणीतरी विचारलं.

"मी," ड्रायव्हर म्हणाला, आणि छाती फुगवून त्यानं तिच्यासाठी पुढचं दार उघडलं.